थ्री पडायला लागले की फायनल फिरते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या फायनल्स सुरू होतात: सातपैकी चार सामने आधी जिंकेल त्याची मालिका. एखाद्या रात्री कुणीतरी सहा-सात थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट, मारतो आणि लगेच ‘संपली मालिका’ असं जाहीर होतं. दोन दिवसांनी त्याच खेळाडूचा एकही शॉट पडत नाही आणि त्याला बेंचवर बसवा म्हणणारे तेच लोक असतात. माझं मत आधीच सांगून ठेवलेलं बरं: बाहेरून पडलेले शॉट सामना जिंकून देतात, यात वाद नाही. मालिका मात्र बहुतेक वेळा ती टीम जिंकते, जिच्याकडे शॉट न पडलेल्या रात्रीसाठीही काहीतरी शिल्लक असतं. आता प्रश्नांकडे वळू.

बाहेरून शूटिंग म्हणजे नेमकं किती लांबून?

एनबीएमध्ये तीन पॉइंटची रेषा समोरून २३ फूट ९ इंचांवर, म्हणजे ७.२४ मीटरवर असते. कॉर्नरमध्ये ती २२ फुटांवर येते. त्यामुळे कॉर्नरचा थ्री तुलनेने सोपा, आणि सगळ्या टीम तिथे एक शूटर उभा करतात. एनबीएने ही रेषा १९७९-८० च्या हंगामात आणली. आपल्याकडच्या स्पर्धा फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी होतात, तिथे हे अंतर ६.७५ मीटर आहे. रेषा आली तेव्हा बरेच कोच तिला सर्कशीतला खेळ समजत होते. आज एका टीमने सामन्यात ३५-४० थ्री घेतले तर कुणी भुवई उंचावत नाही.

एका रात्रीच्या शूटिंगने सामना किती फिरू शकतो?

गणित करून बघा. एक टीम ३६ टक्क्यांनी थ्री मारते आणि सामन्यात ३५ शॉट घेते असं धरा. सरासरी साडेबारा-तेरा पडायला हवेत. पण निव्वळ नशिबाच्या चढउताराने, म्हणजे खेळाडू तेच, शॉट तेच, बचावही तोच असताना, हा आकडा साधारण तीनने वर-खाली होतो. तीनपैकी दोन रात्री तो १० ते १५ च्या मध्ये राहील आणि तिसऱ्या रात्री त्याच्याही बाहेर जाईल. १० आणि १५ मधला फरक १५ गुणांचा. समोरची टीमही असंच वर-खाली होत असते. दोघींचा चढउतार एकत्र धरला तर दोन सारख्या ताकदीच्या टीममध्ये केवळ थ्रीच्या नशिबाने १२ गुणांचा फरक पडणं अगदी रोजचं आहे. फायनल्समधले किती सामने १२ पेक्षा कमी गुणांनी सुटतात ते आठवा.

तरीही सगळे थ्रीच का मारतात? कारण ३६ टक्क्यांनी मारलेला थ्री प्रत्येक प्रयत्नाला १.०८ गुण देतो. तेवढेच गुण दोनच्या शॉटने मिळवायचे तर ५४ टक्के अचूकता लागते, आणि रिंगजवळ पोचल्याशिवाय ती फार कमी जणांना जमते.

पण सात सामन्यांत हे सगळं सरासरीवर येतंच ना?

येतं, पण लोकांना वाटतं तितकं नाही. सात सामने गुणिले ३५ म्हणजे २४५ शॉट. एवढ्या शॉटमध्येही ३६ टक्क्यांची टीम निव्वळ नशिबाने ३३ टक्क्यांवर दिसू शकते किंवा ३९ टक्क्यांवर. आणि मालिका सातपर्यंत जाईलच असंही नाही. चार सामन्यांत गुंडाळली गेली तर सरासरीला जागेवर यायला वेळच मिळत नाही. ८२ सामन्यांच्या हंगामात जी टीम खरी कशी आहे ते कळतं, तीच टीम दोन आठवड्यांत वेगळीच भासू शकते.

२०१३ च्या फायनलमध्ये डॅनी ग्रीनचं नेमकं काय झालं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे उत्तर लांबणार.

सॅन अँटोनिओ स्पर्स विरुद्ध मायामी हीट. स्पर्सकडे टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली. मायामीकडे लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड, ख्रिस बॉश. या नावांच्या गर्दीत डॅनी ग्रीन हा असा गडी होता, ज्याला २००९ मध्ये क्लीव्हलंडने ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, दुसऱ्या फेरीत घेतलं आणि नंतर सोडून दिलं. स्पर्सनेही त्याला घेऊन काढलं आणि पुन्हा घेतलं. त्याचं काम साधं: कोपऱ्यात उभं राहा, पार्कर आत घुसला की तुझा माणूस त्याच्याकडे धावेल, बॉल आला की मार.

पहिल्या सामन्यात ९ पैकी ४ थ्री. दुसऱ्यात ५ पैकी ५, पण स्पर्स १९ गुणांनी हरले. तिसऱ्यात ९ पैकी ७. त्या रात्री बेंचवरून आलेल्या गॅरी नीलनेही १० पैकी ६ मारले, टीमचे मिळून १६ थ्री झाले (फायनलच्या एका सामन्यातला तेव्हाचा विक्रम) आणि स्पर्स ११३-७७ असे जिंकले. चौथ्यात ५ पैकी ३, पाचव्यात १० पैकी ६. बेरीज करा: पाच सामन्यांत ३८ पैकी २५. रे अॅलनचा एका फायनल मालिकेतला २२ थ्रींचा विक्रम पाचव्या सामन्यातच मोडला, आणि तोही समोरच्या टीमच्या बेंचवर रे अॅलन बसलेला असताना. नवव्या क्रमांकाच्या फलंदाजाने ओळीने शतकं ठोकावीत, तसा तो प्रकार. फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याच्या नावाची गंभीरपणे चर्चा सुरू झाली होती. स्पर्स ३-२ ने पुढे होते.

मग सहाव्या सामन्यात ५ पैकी १. सातव्यात ६ पैकी १, आणि सगळे शॉट धरले तर १२ पैकी १. स्पर्स दोन्ही सामने हरले, सहावा तीन गुणांनी, सातवा सात गुणांनी.

त्याचा हात गार पडला की मायामीने पाडला?

थोडं हे, थोडं ते. ६६ टक्के थ्री कुणीच फार काळ मारत नाही. ते खाली येणारच होतं. पण पहिले पाच सामने पुन्हा पाहिले तर एक गोष्ट खटकते. मायामीचा बचाव पार्करवर दोन माणसं सोडायचा आणि ग्रीनकडे परत पोचायला उशीर करायचा. स्पर्स बॉल मिळताच झटपट हल्ला करायचे तेव्हा तर ग्रीन कित्येकदा एकटाच उभा सापडायचा. शेवटच्या दोन सामन्यांत मायामीने त्याला मोकळं सोडणं बंद केलं. बॉल हातात यायच्या आतच माणूस अंगावर. म्हणजे त्याला पकडून, ड्रिबल करून, स्वतःचा शॉट बनवायची पाळी आली, आणि तो त्याचा खेळच नव्हता. सातव्या सामन्यात तो रेषेच्या आत येऊन जे काही मारत होता, ते बघवत नव्हतं.

माझ्या मते गरम शूटरचा खरा उपयोग इथे दिसतो. तो समोरच्याला बचाव बदलायला लावतो. दोन माणसं त्याच्याकडे बांधली गेली की आतली जागा रिकामी होते. सहाव्या सामन्यात डंकनने पहिल्या अर्ध्यातच २५ गुण केले, त्यात या रिकाम्या जागेचाही वाटा होता असं मला वाटतं. दुर्दैवाने दुसऱ्या अर्ध्यात ते टिकलं नाही.

आणि तो रे अॅलनचा शॉट?

सहावा सामना, मायामी. २८ सेकंद उरलेले, स्पर्स पाच गुणांनी पुढे. मैदानाभोवती पिवळी दोरी घेऊन माणसं उभी राहिली होती, करंडक द्यायची तयारी चाललेली. लेब्रॉनने एक थ्री चुकवला, बॉल परत आला, दुसरा पाडला. स्पर्सच्या क्वाय लेनर्डने फाऊलबद्दल मिळालेल्या दोनपैकी एक फ्री थ्रो घालवला. आघाडी तीन. लेब्रॉनने पुन्हा थ्री घेतला, चुकला. रिबाउंड, म्हणजे चुकून परत आलेला बॉल, बॉशने घेतला. डंकन तेव्हा मैदानात नव्हता, कोच पॉपोविचने त्याला बाहेर बसवलं होतं, म्हणजे थ्रीवर माणसं बदलून बदलून धावता येईल. बॉशने बॉल उजव्या कॉर्नरकडे दिला. अॅलन मागे सरकत गेला, रेषेच्या मागे दोन्ही पाय टेकले आणि मारला. ५.२ सेकंद उरले असताना ९५-९५. जादा वेळेत मायामी १०३-१०० ने जिंकलं. स्पर्सच्या तोंडाशी आलेला घास गेला.

याला गरम शूटिंग म्हणायचं का? नाही. हा एकच शॉट होता. मालिका फिरवायला कधीकधी तेवढाच पुरतो. आणि मला विचाराल तर त्यात अॅलनच्या पायांपेक्षा बॉशचा रिबाउंड मोठा.

सातव्या सामन्यात मग कोण गरम होतं?

शेन बॅटिए. हा माणूस संपूर्ण प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद मालिकांत, शॉट शोधत फिरत होता, त्यामुळे त्याचे मैदानावरचे मिनिटही कमी झाले होते. सातव्या सामन्यात ८ पैकी ६ थ्री, १८ गुण. शिवाय स्पर्स सगळी मालिका लेब्रॉनपासून दोन पावलं मागे राहून खेळत होते: आत येऊ नको, हवं तर बाहेरून मार. सहा सामने हा जुगार बऱ्यापैकी चालला. सातव्यात लेब्रॉनने पाच थ्री मारले आणि ३७ गुण केले. मायामी ९५-८८.

एक वर्ष आधी, २०१२ च्या फायनलमध्ये, ओक्लाहोमाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात मायामीच्याच माइक मिलरने ८ पैकी ७ मारले होते. पाठीच्या दुखण्याने तो धड धावतही नव्हता. मोठे खेळाडू आपापलं करतात. मोकळा राहतो तो चौथा-पाचवा माणूस, म्हणून असे आकडे त्याच्याच नावावर दिसतात.

कुणी एका सामन्यात विक्रम केला आणि पुढच्यात शून्यावर गेला, असं झालंय का?

झालंय, आणि तोही रे अॅलनच. २०१०, बॉस्टन विरुद्ध लेकर्स. दुसऱ्या सामन्यात ८ थ्री, त्यातले सात पहिल्या अर्ध्यात, ३२ गुण, बॉस्टन जिंकलं. तिसऱ्या सामन्यात थ्री आणि दोनचे धरून १३ शॉट घेतले आणि एकही पडला नाही. बॉस्टन सात गुणांनी हरलं. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि लेकर्सने ८३-७९ अशी जिंकली. त्या सातव्या सामन्यात सगळे शॉट धरून अॅलन १४ पैकी ३ होता, पण कोबी ब्रायंटही २४ पैकी ६ होता. लेकर्सनी ती मालिका रिबाउंडवर काढली.

‘हॉट हँड’ खरंच असतो का, की आपल्या डोळ्यांचा खेळ?

१९८५ मध्ये गिलोविच, वॅलोन आणि त्वर्स्की या संशोधकांनी फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सच्या खेळाडूंचे शॉट तपासून सांगितलं, की दोन-तीन पडले म्हणून पुढचा पडण्याची शक्यता वाढते याचा पुरावा नाही. खेळाडूंना ते पटलं नाही, पण पुढची तीसेक वर्षं शहाणी माणसं तेच सांगत राहिली.

मग मिलर आणि सानहुर्हो या दोघांनी त्या मोजण्यातच एक बारीक गफलत दाखवली. घरी करून बघता येईल. नाणं तीनदा उडवा आणि लिहा: छाप पडल्यावर लगेच पुढच्या वेळी किती वेळा छाप आली? असे सगळे शक्य क्रम (एकूण आठ, त्यातल्या दोनांत मोजायलाच काही नसतं) घेऊन उरलेल्या सहांची सरासरी काढा. ५० टक्के यायला हवं ना? येतं साधारण ४२ टक्के. म्हणजे छोट्या मालिकांत सरळसोट नाणंही ‘छापेनंतर काट्याकडे’ झुकलेलं दिसतं. म्हणून एखादा शूटर सलग पडल्यानंतरही आपल्या नेहमीच्या टक्केवारीइतकाच दिसत असेल, तर प्रत्यक्षात तो थोडा गरम आहे.

माझं म्हणणं असं, की हात बसतो, पण प्रेक्षकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी. शिवाय हात बसलाय असं वाटलं की खेळाडू जास्त लांबून, जास्त घाईत मारतो आणि बचावही चिकटतो. दोन्हींमुळे फायदा निघून जातो. मायकल जॉर्डनने १९९२ च्या फायनलच्या पहिल्या सामन्यात पोर्टलंडविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच सहा थ्री मारले आणि खांदे उडवले, ती रात्र अपवाद म्हणूनच लक्षात राहिली.

एक खेळाडू नाही, सगळी टीमच पेटली तर?

तरीही मालिका हातात येईलच असं नाही. २०१७ च्या फायनलमध्ये गोल्डन स्टेट ३-० ने पुढे होतं. चौथ्या सामन्यात क्लीव्हलंडने २४ थ्री मारले, पहिल्या क्वार्टरमध्ये ४९ गुण, अर्ध्यावर ८६. १३७-११६ ने जिंकले. पाचव्यात गोल्डन स्टेटने मालिका संपवली.

२०२२ मध्ये बॉस्टनने पहिला सामना असाच काढला. तीन क्वार्टर संपले तेव्हा १२ ने मागे, आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये ४०-१६. पूर्ण सामन्यात ४१ पैकी २१ थ्री. पंधराव्या हंगामात पहिली फायनल खेळणाऱ्या अल हॉरफर्डने ८ पैकी ६ पाडले. तेही सॅन फ्रान्सिस्कोत, परक्या मैदानावर. पण मालिका गोल्डन स्टेटने ४-२ ने जिंकली.

२०२२ ला करीचा हात गार असतानाही गोल्डन स्टेट कसं जिंकलं?

चौथ्या सामन्यात स्टीफन करीने बॉस्टनमध्ये ४३ गुण केले, सात थ्री. मालिका २-२ झाली. पाचव्यात ९ पैकी शून्य. प्लेऑफच्या सलग १३२ सामन्यांत त्याने किमान एक थ्री मारला होता, तो सिलसिला तिथे तुटला. तरी टीम १०४-९४ ने जिंकली. अँड्र्यू विगिन्सने २६ गुण आणि १३ रिबाउंड घेतले. बॉस्टन अजूनही करीच्या मागे रेषेपासून दहा-दहा फूट बाहेर धावत होतं, कारण आदल्या सामन्यात काय झालं ते कुणी विसरलं नव्हतं. शॉट न पडताही करी दोन माणसं ओढून नेतो. सहाव्या सामन्यात पुन्हा ३४ गुण, सहा थ्री, करंडक.

मग बचाव करणाऱ्या टीमच्या हातात नक्की काय असतं?

शॉट हातातून सुटल्यावर काहीच नाही. हातात असतं ते एवढंच: कोण मारणार, कुठून, आणि किती वेळा. २०१९ च्या फायनलमध्ये दुसऱ्या सामन्याच्या शेवटी टोरंटोचे कोच निक नर्स यांनी करीवर एक माणूस चिकटवला आणि उरलेल्या चौघांना चौकोनात उभं केलं. शाळकरी स्पर्धांत दिसणारा डाव. क्ले थॉम्पसन जखमी होऊन बाहेर गेलेला, त्यामुळे दुसरा शूटरच नव्हता. कित्येक मिनिटं गोल्डन स्टेटला बास्केट मिळेना. शेवटच्या काही सेकंदांत त्यांनी आंद्रे इग्वोडालाला मोकळं सोडलं. त्याने थ्री पाडला आणि गोल्डन स्टेट १०९-१०४ ने जिंकलं. सोडायला इग्वोडालाच योग्य माणूस होता. मालिका टोरंटोचीच झाली.

उलटं, थ्री न पडल्यामुळे मालिका गेली, याचं सगळ्यात मोठं उदाहरण कोणतं?

ह्यूस्टन, २८ मे २०१८. ही फायनल नव्हती, पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतला गोल्डन स्टेटविरुद्धचा सातवा सामना होता, पण जिंकणारा त्या वर्षीचा विजेता होणार हे जवळपास ठरलेलं. अर्ध्यावर ह्यूस्टन ११ ने पुढे. त्यानंतर त्यांचे थ्री पडेचनात. सलग २७ चुकले. सामना संपला तेव्हा ४४ पैकी ७. ९२-१०१ ने हरले.

३६ टक्के मारणारी टीम सलग २७ शॉट चुकवेल अशी शक्यता साधारण १ लाख ७० हजारांत एक येते. त्यामुळे याला निव्वळ नशीब म्हणवत नाही. ख्रिस पॉल जखमी, बेंच तोकडं, तेच सहा-सात जण दोन महिने खेळून थकलेले. पाय गेले की शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. त्याहून महत्त्वाचं, त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. पंधरावा थ्री चुकल्यावरही सोळावा थ्रीच.

घरच्या मैदानावर शॉट जास्त पडतात का?

साधारणपणे रोल प्लेयर, म्हणजे ठरावीक काम करणारे चौथे-पाचवे खेळाडू, घरी जास्त मोकळे खेळतात, असं कोच मंडळी सांगतात. २०१३ च्या फायनलमध्ये डॅनी ग्रीनने १६ थ्री तर सॅन अँटोनिओतल्या तीन सामन्यांत मारले. पण मायामीतल्या पहिल्या दोन सामन्यांत तो १४ पैकी ९ होता, हेही विसरू नका. यावर फार भिस्त ठेवू नये.

आमच्या जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेला यातलं काही लागू होतं का?

होतं, आणि जास्तच. तिथे सामना ४० मिनिटांचा, थ्री घेतले जातात दहा-बारा, आणि एक हरलात की घरी. २५ टक्के मारणाऱ्या टीमने १२ घेतले तर एखाद्या दिवशी एक पडेल, एखाद्या दिवशी पाच. दोन्ही सर्वसाधारण. त्यामुळे एका बाद फेरीच्या निकालावरून मुलांच्या शूटिंगबद्दल मत बनवू नका. सरावात शंभर शॉट मोजा, तेही पळून दमल्यावर.

फायनल भारतातून किती वाजता दिसते?

बहुतेक सामने सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात. ऑफिसला जायच्या आत संपतात, जादा वेळ लागली नाही तर.

एका सामन्यातले विक्रम कुणाच्या नावावर आहेत?

फायनल्समध्ये करीचे २०१८ च्या दुसऱ्या सामन्यातले नऊ थ्री. पुढच्याच सामन्यात तो १० पैकी १ होता. केव्हिन ड्युरँटने ४३ गुण केले म्हणून टीम जिंकली. प्लेऑफमध्ये क्ले थॉम्पसनचे ११, २०१६ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध सहाव्या सामन्यात, टीम २-३ ने मागे असताना. ती मालिका गोल्डन स्टेटने फिरवली. त्यापुढे डेमियन लिलार्डचे १२, डेन्व्हरविरुद्ध जून २०२१ मध्ये, ५५ गुणांसह. तो सामना दोनदा जादा वेळेत गेला, पोर्टलंड १४०-१४७ ने हरलं, आणि पुढच्या सामन्यात मालिकेबाहेर पडलं.